मार्क 14 टॉर्पेडो : तीन दोष आणि एकवीस महिने

दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरली त्या दिवसापासून तिच्या पाणबुड्यांचे मुख्य शस्त्र नीट चालत नव्हते. मार्क 14 हा टॉर्पेडो ठरवलेल्या खोलीपेक्षा खालून जायचा, कधी लक्ष्याच्या अलीकडेच फुटायचा, तर कधी जहाजावर बरोबर आदळूनही फुसका निघायचा. डिसेंबर 1941 ते सप्टेंबर 1943 असे एकवीस महिने हे चालले. इथे तेच प्रकरण घेतले आहे, कारण यंत्रातला दोष आणि संस्थेतला दोष एकमेकांना कसे पोसतात याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. नावे आली आहेत ती सार्वजनिक नोंदीत असलेल्या अधिकाऱ्यांचीच.

## पार्श्वभूमी

अमेरिकी नौदलाच्या शस्त्रास्त्रांची जबाबदारी ब्युरो ऑफ ऑर्डनन्स या विभागाकडे होती आणि टॉर्पेडोचे काम त्याच विभागाचे न्यूपोर्ट (ऱ्होड आयलंड) इथले टॉर्पेडो स्टेशन बघत असे. आरेखन तिथेच, उत्पादन तिथेच, चाचण्याही तिथेच. 1931 मध्ये हाती घेतलेला मार्क 14 हे त्या स्टेशनचे अभिमानाचे काम होते. व्यास 21 इंच, लांबी 20 फूट 6 इंच, वजन दीड टनाच्या आसपास. दाबलेल्या हवेत अल्कोहोल जाळून, त्यात पाणी सोडून वाफ तयार व्हायची आणि तिच्यावर टर्बाइन फिरायचे. 46 नॉट वेगाने 4,500 यार्ड किंवा 31 नॉटने 9,000 यार्ड, अशी त्याची धाव. एका टॉर्पेडोची किंमत सुमारे 10,000 डॉलर, म्हणजे त्या काळी एका घराहून जास्तच.

त्याच्या पुढच्या भागात बसायचा मार्क 6 एक्स्प्लोडर. न्यूपोर्टची खरी आशा होती ती याच्यावर. युद्धनौकेच्या कुशीला चिलखत असते, आत स्फोटाचा जोर जिरवणारे कप्पे असतात. जहाजाच्या पोटाखाली यातले काहीच नसते. तिथे स्फोट झाला तर जहाज वर उचलले जाते आणि त्याचा कणा मोडतो. एक टॉर्पेडो पुरतो. म्हणून मार्क 6 मध्ये चुंबकीय यंत्रणा होती. पोलादी जहाजामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात जो बदल होतो तो ओळखून टॉर्पेडो जहाजाखालून जाताना फुटावा, अशी योजना होती. शिवाय आदळल्यावर फुटण्याची साधी यंत्रणाही त्यातच होती.

कल्पना चांगलीच होती, पण ती तपासली किती? 8 मे 1926 रोजी एल-8 या निकामी पाणबुडीवर खरे स्फोटक भरलेले दोन टॉर्पेडो सोडले गेले. पहिला खालून निघून गेला आणि फुटला नाही. दुसरा फुटला आणि एल-8 बुडाली. दोनापैकी एक, एवढ्यावर समाधान मानले गेले. पुढे विषुववृत्ताजवळ इंडियानापोलिस या क्रूझरवरून चुंबकीय मोजमापे घेतली गेली, पण खऱ्या जहाजावर खरा स्फोट युद्ध सुरू होईपर्यंत पुन्हा झाला नाही. मधल्या काळात नौदलप्रमुख विल्यम प्रॅट यांनी एरिक्सन ही जुनी विनाशिका लक्ष्य म्हणून देऊ केली होती. अटी दोन: खरे स्फोटक वापरायचे नाही, आणि चुकून टॉर्पेडो जहाजाला लागून ते बुडालेच तर वर काढण्याचा खर्च ब्युरोने सोसायचा. ब्युरोने देकार नाकारला.

तंगीचा तो काळ होता. 1937 मध्ये न्यूपोर्टमध्ये तीन पाळ्यांत तीन हजार माणसे काम करीत आणि दिवसाला सरासरी दीड टॉर्पेडो तयार होई. इतक्या थोड्या मालातला एक फोडून बघणे हिशेबवाल्यांना उधळपट्टी वाटत होते. त्यात गोपनीयतेची भर पडली. मार्क 6 इतका गुप्त ठेवला होता की शांतताकाळात बोटींवर साधा मार्क 5 एक्स्प्लोडर बसवला जाई आणि मार्क 6 ची माहितीपुस्तिका तिजोरीत बंद असे. ज्यांनी तो युद्धात वापरायचा, त्यांचा हात त्यावर बसलाच नव्हता.

## अडचण

10 डिसेंबर 1941 रोजी जपानी विमानांनी फिलिपाइन्समधला कॅव्हिटे नौदल तळ जाळला. तिथे साठवलेले 233 मार्क 14 टॉर्पेडो एका दिवसात गेले. आधीच तुटवडा, त्यात हा फटका. तेव्हापासून ‘टॉर्पेडो वाया घालवू नका’ हे वाक्य प्रत्येक आदेशात होते आणि चाचणीचा विषय निघाला की तेच आडवे येई.

त्याच महिन्यात सार्गो पाणबुडीचा कप्तान टायरेल जेकब्स याने जपानी जहाजांवर एकामागून एक हल्ले केले. सुरुवातीलाच टॉर्पेडोने दगा दिला तेव्हा त्याने स्वतःच्या जबाबदारीवर चुंबकीय यंत्रणा बंद केली. तरी फरक पडला नाही. मग कोन, वेग, अंतर यांची गणिते पुन्हा पुन्हा तपासून, सगळी खात्री करूनच टॉर्पेडो सोडले. तेरा टॉर्पेडो सुटले, आणि एकही जहाज बुडाले नाही. शेवटी जेकब्सने जे पाणबुडीचा कप्तान सहसा करत नाही ते केले: रेडिओचे मौन मोडले आणि मार्क 14 वर भरवसा ठेवता येईल का, असा प्रश्न तळाला विचारला. शत्रूला आपला ठावठिकाणा कळण्याचा धोका पत्करून विचारलेला हा प्रश्न होता. त्याला चूक ठरवणारे उत्तर मात्र लगेच तयार होते: नेम चुकला, देखभाल नीट नव्हती, वापर पुस्तिकेप्रमाणे झाला नाही.

हे उत्तर अगदीच निराधार नव्हते, हेही सांगायला हवे. शांतताकाळात वाढलेले काही कप्तान फारच सावध होते, काहींचा नेम खरोखरच चुकत होता. माणसांच्या चुका खऱ्या असल्या की यंत्राच्या चुका त्यांच्यामागे सहज लपतात. पण त्याच समुद्रात जुन्या एस-वर्गाच्या बोटी जुना, संथ मार्क 10 टॉर्पेडो वापरून यश मिळवत होत्या. 10 ऑगस्ट 1942 रोजी एस-44 ने जपानची काको ही जड क्रूझर मार्क 10 नेच बुडवली. म्हणजे जुन्या बोटींतून जुन्या टॉर्पेडोने जे जमत होते, ते नव्या बोटींतल्या नव्या टॉर्पेडोने जमत नव्हते. या तुलनेकडे कोणी गांभीर्याने पाहिले असते तर संशय माणसावरून यंत्राकडे कितीतरी आधी वळला असता.

## समोर असलेले पर्याय

1942 च्या मध्यावर पॅसिफिकमधल्या पाणबुडीदलापुढे चार मार्ग होते.

पुस्तिका प्रमाण मानून तसेच चालू राहणे हा पहिला. ब्युरोला हवा होता तो हाच, आणि याची किंमत मोजत होते समुद्रातले लोक.

दुसरा मार्ग गुपचूप दुरुस्तीचा. अनेक कप्तान तोच धरत होते. बंदरातून निघाल्यावर चुंबकीय यंत्रणा निकामी करायची, खोली मनाने कमी लावायची, आणि परत आल्यावर अहवालात त्याचा उल्लेख करायचा नाही. त्यांची अडचण समजण्यासारखी आहे, तरी या मार्गाने सर्वांत मोठे नुकसान केले असे मला वाटते. कोणता टॉर्पेडो कोणत्या खोलीवर, कोणत्या यंत्रणेने सोडला याची नोंदच खोटी झाली, तर शेकडो हल्ल्यांची माहिती असूनही तिच्यातून काहीच निष्पन्न होत नाही. जेकब्सने उघडपणे जे विचारले त्याचे मोल म्हणूनच जास्त.

तिसरा, वॉशिंग्टनमध्ये थेट नौदलप्रमुखांपर्यंत तक्रार नेणे. पुरावा हातात नसताना असे जाणे म्हणजे कप्तानांच्या कुरकुरीला मोठा आवाज देण्यापलीकडे काही नव्हते.

चौथा, परवानगीची वाट न पाहता स्वतः चाचणी घेणे. त्यासाठी दुर्मिळ टॉर्पेडो खर्च करावे लागणार होते आणि निकाल ब्युरोच्या विरोधात गेला तर चाचणीच सदोष होती, असे म्हटले जाणार हे उघड होते.

## पहिला निर्णय : ऑल्बनीचे जाळे

मे 1942 मध्ये चार्ल्स लॉकवुड यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पाणबुड्यांची सूत्रे हाती घेतली. आल्याबरोबर त्यांनी कप्तानांचे अहवाल वाचले आणि ब्युरोला विचारले: अलीकडे काही चाचण्या झाल्या आहेत का? जुन्या मार्क 10 बद्दल ब्युरोनेच जानेवारी 1942 मध्ये कळवले होते की तो लावलेल्या खोलीपेक्षा 4 फूट खालून धावतो. मग मार्क 14 चे काय? उत्तर आले ते कप्तानांनाच दोष देणारे. तेव्हा लॉकवुड यांनी चौथा मार्ग निवडला.

ऑल्बनीजवळच्या फ्रेंचमन बेमध्ये मासेमारीचे 500 फुटी जाळे पाण्यात उभे सोडले. तपासणी अगदी साधी: टॉर्पेडो जाळे फाडून पार जाईल, आणि भोक पाण्याखाली किती फुटांवर पडले ते मोजायचे. एका गोष्टीची काळजी मात्र आवर्जून घेतली. सरावाच्या टॉर्पेडोचे पुढचे टोक खऱ्या स्फोटकाच्या टोकापेक्षा हलके असते. त्यामुळे त्यात कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण भरून वजन खऱ्याइतके केले. न्यूपोर्टने वर्षानुवर्षे जी बाब सोडून दिली होती, ती इथे एका तळावरच्या लोकांनी आठवणीने केली.

20 जून 1942 रोजी स्किपजॅक पाणबुडीने 850 यार्डांवरून पहिला टॉर्पेडो सोडला. लावलेली खोली 10 फूट होती, भोक पडले 25 फुटांवर. दुसऱ्या दिवशी 10 फुटांवर लावलेला 18 फुटांवरून गेला आणि शून्यावर लावलेला 11 फुटांवरून.

ब्युरोने निकाल मानला नाही. टॉर्पेडोचा तोल नीट साधलेला नव्हता, असे उत्तर पाठवले. लॉकवुड यांनी जुलैमध्ये सॉरी नावाच्या पाणबुडीकडून पुन्हा चार टॉर्पेडो सोडवले आणि सरासरी फरक पुन्हा 11 फुटांच्या आसपास आला. आता हातात आकडे होते, त्यामुळे तिसरा मार्गही खुला झाला. नौदलप्रमुख अर्नेस्ट किंग यांनी ब्युरोला धारेवर धरले. 1 ऑगस्ट 1942 रोजी ब्युरोने कबूल केले की मार्क 14 दहा-अकरा फूट जास्त खोल धावतो.

हा दोष न्यूपोर्टला का दिसला नाही, याचे उत्तर या प्रकरणातले सर्वांत बोलके पान आहे. टॉर्पेडो आपली खोली पाण्याच्या दाबावरून ओळखतो. तो दाब घेणारे छिद्र टॉर्पेडोच्या निमुळत्या मागच्या भागावर होते. वेगात धावताना तिथून वाहणाऱ्या पाण्याचा दाब कमी होतो. यंत्रणेला वाटते आपण फार वर आहोत, आणि ती टॉर्पेडो खाली नेते. उभ्या अवस्थेत केलेल्या मोजणीत हे कधीच कळणार नाही. आता चाचणीत खोली नोंदवायला न्यूपोर्ट जे यंत्र वापरत होते, त्याचा दाबही तशाच चुकीच्या जागी घेतला जात होता. म्हणजे टॉर्पेडो चुकत होता, त्याला तपासणारे यंत्र नेमके तितकेच चुकत होते, आणि दोघांचे आकडे जुळत होते. आकडे जुळले म्हणून समाधान मानले गेले. मासेमारीच्या जाळ्याची मोजणी या दोघांपेक्षा वेगळ्या तत्त्वावर चालत होती, म्हणून ते खरे बोलू शकले.

## दुसरा निर्णय : चुंबक बंद

खोली सुधारली तेव्हा सगळ्यांना वाटले, सुटलो. प्रत्यक्षात तक्रारी वेगळ्या रूपात परत आल्या. जहाजाच्या फार खालून जाणारा टॉर्पेडो आता त्याच्या चुंबकीय प्रभावाच्या टप्प्यात येऊ लागला होता, आणि लक्ष्याला पोचायच्या आधीच फुटू लागला होता. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सगळीकडे सारखे नसते. न्यूपोर्टच्या अक्षांशावर जहाजाभोवतीचा प्रभाव एका आकाराचा असतो. विषुववृत्ताजवळ तो आडवा, पसरट होतो. पसरट क्षेत्राच्या कडेशीच यंत्रणा दचकायची आणि स्फोट जहाजापासून दूर व्हायचा.

हा दोष पहिल्यापेक्षाही फसवा होता. कप्तान पेरिस्कोपमधून पाहतो, जहाजाशेजारी पाण्याचा मोठा लोट उठतो, आवाज येतो. तो नोंदीत लिहितो: टॉर्पेडो लागला. जहाज मात्र तसेच पुढे निघून जाते. अकाली झालेले स्फोट यशाच्या खात्यात जमा होत होते.

याच टप्प्यावर एका संस्थेत दोन मते उभी राहिली. जानेवारी 1943 मध्ये पर्ल हार्बरच्या पाणबुडीदलाचे प्रमुख रॉबर्ट इंग्लिश विमान अपघातात गेले आणि त्यांच्या जागी लॉकवुड आले. ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलची जबाबदारी राल्फ ख्रिस्टी यांच्याकडे गेली. ख्रिस्टी हुशार अधिकारी होते, पण न्यूपोर्टमध्ये असताना या चुंबकीय एक्स्प्लोडरच्या घडणीत त्यांचा हात होता. लॉकवुड यांनी वॉशिंग्टनमधल्या बैठकीत ब्युरोला सुनावले की फुटणारा टॉर्पेडो देता येत नसेल, तर शत्रूच्या जहाजाचे पत्रे ओढून काढायला आम्हाला एखादा हूक तरी करून द्या. अखेर 24 जून 1943 रोजी पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख चेस्टर निमिट्झ यांनी चुंबकीय यंत्रणा बंद करण्याचा हुकूम दिला.

ख्रिस्टी यांचे दल सातव्या ताफ्याच्या, म्हणजे दुसऱ्याच कमांडखाली असल्याने हा हुकूम त्यांना लागू नव्हता. त्यांनी यंत्रणा चालू ठेवली. परिणाम असा की पर्ल हार्बरहून निघालेल्या बोटीत ती बंद असायची आणि फ्रीमँटलला पोचली की तिथल्या नियमाप्रमाणे पुन्हा चालू करावी लागायची. 1943 उलटत आले, सातव्या ताफ्याचे नवे प्रमुख थॉमस किंकेड आले, तेव्हा कुठे फ्रीमँटललाही ती बंद करण्याचा निर्णय झाला. ख्रिस्टी यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्यांना खरेच वाटत होते की थोड्या सुधारणांनी हे यंत्र चालेल. पण ज्याने यंत्र घडवले त्याच्याच हाती ते ठेवायचे की टाकायचे हा निर्णय देऊ नये, ही गोष्ट वरच्यांनी ओळखायला हवी होती.

## तिसरा निर्णय : राखून ठेवलेला टॉर्पेडो

चुंबक बंद झाले. आता उरली साधी यंत्रणा: आदळला की फुटायचे. ती तरी चालेल, असा सगळ्यांचा विश्वास होता.

24 जुलै 1943. ट्रूक बेटांच्या पश्चिमेला टिनोसा पाणबुडीला तोनान मारू क्रमांक 3 हे 19,000 टनांहून मोठे जहाज एकटे सापडले. मूळचे व्हेलच्या शिकारीचे, आता तेलवाहू म्हणून वापरात असलेले. कप्तान लॉरेन्स डॅस्पिट यांनी लांबून, अवघड कोनातून चार टॉर्पेडो सोडले. दोन लागले, पण जहाज थांबले नाही. आणखी दोन सोडले. ते फुटले आणि जहाज जागीच उभे राहिले. पळता येत नाही, राखणीला कोणी नाही, समुद्र मोकळा. डॅस्पिट यांनी बोट 875 यार्डांवर, जहाजाच्या कुशीशी अगदी काटकोनात आणली. पाणबुडीच्या शाळेत शिकवतात तो आदर्श नेम हाच.

मग त्यांनी एकेक टॉर्पेडो सोडायला सुरुवात केली. प्रत्येकानंतर पेरिस्कोपमधून निरीक्षण, प्रत्येकाची वेळ आणि परिणाम नोंदीत. लागला, स्फोट नाही. लागला, स्फोट नाही. एक टॉर्पेडो जहाजाला लागून उजवीकडे वळला आणि पाण्याबाहेर उडाला. आपण हे पाहिले यावर आपलाच विश्वास बसत नाही, असे त्यांनी लढाईच्या नोंदवहीत लिहून ठेवले. शेवटी एक जपानी विनाशिका आली आणि टिनोसाला हटावे लागले. एकूण पंधरा टॉर्पेडो सुटले होते; अकरा फुसके.

एक टॉर्पेडो उरला होता आणि तो सोडायचा मोह किती असेल याची कल्पना करता येते. डॅस्पिट यांनी तो सोडला नाही. तपासणीसाठी तो पर्ल हार्बरला परत आणला. माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच. लढाईच्या मध्यावर, समोर लंगडे जहाज असताना, त्यांनी पुरावा जपला.

पर्ल हार्बरला तो टॉर्पेडो उघडून पाहिला तर त्यात काही बिघाडच नव्हता. सगळे भाग आरेखनाप्रमाणे. मग चूक आरेखनातच असणार. पाणबुडीदलातले अधिकारी चार्ल्स मॉम्सेन यांनी सुचवले: हवाईमधल्या काहोओलावे बेटाचा कडा पाण्यात सरळ उतरतो, त्यावर खरे टॉर्पेडो सोडू. 31 ऑगस्ट 1943 रोजी मस्कलंज पाणबुडीने तीन टॉर्पेडो सोडले. दोन फुटले, तिसरा फुटला नाही. आत जिवंत स्फोटक असलेला तो टॉर्पेडो बुडी मारणाऱ्या माणसांनी समुद्राच्या तळावरून शोधून वर काढला. उघडल्यावर दिसले की फायरिंग पिन, म्हणजे आपटून स्फोट पेटवणारी खीळ, सुटली होती, पण स्फोट सुरू करणाऱ्या टोपीवर पुरेशा जोराने आपटली नव्हती. ती ज्या दांड्यांवरून सरकते त्या वाकल्या होत्या.

पुढची चाचणी आणखी साधी होती. स्फोटक काढून वजन भरलेले टॉर्पेडोचे टोक 90 फुटांवरून क्रेनने पोलादी पाटीवर सोडायचे. पाटी सपाट ठेवली, म्हणजे काटकोनी धडक, की दहापैकी सात वेळा यंत्रणा चालत नसे. पाटी तिरपी केली की न चालण्याचे प्रमाण निम्म्यावर येई.

कारण असे होते. ही फायरिंग पिन जुन्या, कमी वेगाच्या टॉर्पेडोंसाठी बनवलेली होती आणि ती धावेच्या दिशेला आडवी, म्हणजे खालून वर सरके. 46 नॉटने येणारा टॉर्पेडो सरळ धडकला की तो क्षणात थांबतो; पिन मात्र पुढे जाऊ पाहते आणि मार्गदर्शक दांड्यांवर इतकी दाबली जाते की स्प्रिंगला ते घर्षण पेलत नाही. तिरप्या धडकेत थांबणे तेवढे एकदम नसते, म्हणून पिन कशीबशी पोचते. टिनोसाचे पहिले, वेड्यावाकड्या कोनातले टॉर्पेडो फुटले आणि शाळेत शिकवलेल्या नेमाचे फुसके गेले, याचा उलगडा इथे झाला. नेम जितका चांगला, तितकी फुटण्याची शक्यता कमी. ज्या कप्तानांना अकार्यक्षम ठरवले गेले त्यांतले काही सर्वांत काटेकोर होते.

उपाय पर्ल हार्बरच्याच कर्मशाळेत झाला: हलक्या मिश्रधातूची नवी पिन. पर्ल हार्बरच्या हल्ल्यात पडलेल्या जपानी विमानांच्या पंख्यांचा धातू त्यासाठी वापरल्याचे सांगितले जाते. तोपर्यंत समुद्रात असलेल्या बोटींना कळवले की मुद्दाम तिरपा नेम घ्या. 30 सप्टेंबर 1943 रोजी नव्या पिनचे टॉर्पेडो घेऊन बार्ब ही पहिली पाणबुडी निघाली.

## निष्पत्ती

यानंतरचा मार्क 14 चांगला टॉर्पेडो ठरला आणि युद्धानंतरही कित्येक वर्षे अमेरिकी पाणबुड्यांत राहिला. युद्ध संपेपर्यंत या पाणबुड्यांनी जपानची अकराशेहून जास्त व्यापारी जहाजे, जवळपास 48 लाख टन, आणि 201 युद्धनौका बुडवल्या. जपानच्या बुडालेल्या जहाजांतली निम्म्याहून अधिक त्यांच्या खात्यावर आहेत. तोनान मारू 17 फेब्रुवारी 1944 ला ट्रूकवरच्या विमानहल्ल्यात बुडाले.

पहिल्या एकवीस महिन्यांत हातून काय निसटले याचा हिशेब कोणालाच नेमका करता येणार नाही. आणि नुकसान पाणबुड्यांपुरते नव्हते. विनाशिकांवरच्या मार्क 15 टॉर्पेडोमध्येही हाच एक्स्प्लोडर होता. ऑक्टोबर 1942 मध्ये सांताक्रूझच्या लढाईत जखमी झालेली स्वतःचीच हॉर्नेट ही विमानवाहू नौका बुडवायला मस्टिन आणि अँडरसन या विनाशिका पाठवल्या. हॉर्नेटवर नऊ टॉर्पेडो आणि 5 इंची तोफांचे 400 हून जास्त गोळे लागले, बरेच टॉर्पेडो फुटले नाहीत, आणि ती तरीही तरंगत राहिली. शेवटी तिला बुडवले ते जपानी टॉर्पेडोंनी.

एक दोष मात्र तसाच राहिला. सुकाणू अडकले तर टॉर्पेडो गोल फिरून सोडणाऱ्या बोटीकडेच परत येऊ शकतो. तसे झाल्यास त्याला निकामी करणारी सोय मार्क 14 मध्ये नव्हती. मार्च 1944 मध्ये टलिबी पाणबुडी स्वतःच्याच टॉर्पेडोने बुडाली. एकच जण वाचला. ऑक्टोबर 1944 मध्ये टँग ही सर्वांत यशस्वी बोटींपैकी एक मार्क 18 या विजेच्या टॉर्पेडोने, तशाच प्रकारे गेली. 78 जण मेले, कप्तान रिचर्ड ओकेन यांच्यासह नऊ जण वाचले.

## वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी, तीन दोष एकत्र असताना एकेक करून शोधण्याची पद्धतच अपुरी होती. खोलीच्या दोषामागे चुंबकाचा लपला होता, चुंबकाच्या मागे पिनचा. प्रत्येक वेळी एक दोष सापडला की ‘कारण मिळाले’ म्हणून शोध थांबला. ऑगस्ट 1942 मध्ये खोलीची कबुली आली त्याच आठवड्यात क्रेनवरून टोक खाली टाकून पाहिले असते तर पिनचा दोष वर्षभर आधी सापडला असता. त्या चाचणीला नवीन काही लागत नव्हते. क्रेन होती, पाटी होती, माणसे होती. ती सुचली नाही, कारण साधी पिन बिघडू शकते अशी शंकाच कोणी घेतली नाही.

दुसरे, बनवणारा आणि तपासणारा एकच नको. ब्युरोचे प्रमुख विल्यम ब्लँडी यांच्यावर सगळे खापर फोडणे मला पटत नाही. ते फेब्रुवारी 1941 मध्ये पदावर आले. रचना त्यांच्या आधीची होती. पण तक्रार ज्याच्या विरोधात, निकाल त्याच्याच हाती, ही व्यवस्था त्यांना बदलता आली असती. तळावरच्या एखाद्या अधिकाऱ्याला दर महिन्याला ठरावीक संख्येने टॉर्पेडो चाचणीसाठी सोडायचा अधिकार दिला असता, तर ऑल्बनीसाठी लॉकवुड यांना बंडखोरी करावी लागली नसती.

तिसरे, गुपचूप दुरुस्ती करणाऱ्या कप्तानांना अभय देऊन खरे अहवाल मागवता आले असते. वरिष्ठांनी आधी शिक्षेची भीती काढली असती तर डॅस्पिट यांच्यासारख्या नोंदी 1942 मध्येच डझनाने मिळाल्या असत्या.

आणि टंचाईचा मुद्दा. चाचणीत टॉर्पेडो जातील म्हणून चाचणी नको, हा हिशेब कागदावर बरोबर दिसतो. पण एकट्या सार्गोने तेरा टॉर्पेडो वाया घालवले आणि टिनोसाने अकरा. ऑल्बनी आणि काहोओलावेला मिळून जितके लागले, त्याच्या दुपटीहून जास्त या दोन गस्तींतच गेले.

अमेरिकी पाणबुड्यांवर आज असलेला मार्क 48 हा तारेने मार्गदर्शन होणारा, स्वतः लक्ष्य शोधणारा टॉर्पेडो 1972 मध्ये सेवेत आला. तो सेवेत आला म्हणून चाचण्या संपल्या नाहीत. सेवानिवृत्त जहाजांवर जिवंत स्फोटकासह तो वेळोवेळी सोडला जातो. 14 जून 1999 रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ ऑस्ट्रेलियन पाणबुडी फार्नकॉम्बने टॉरेन्स या निवृत्त युद्धनौकेवर एक मार्क 48 सोडला. तो जहाजाच्या पोटाखाली फुटला, कणा मोडला, आणि टॉरेन्सचे दोन तुकडे झाले. 1926 मध्ये न्यूपोर्टला जे साधायचे होते ते नेमके हेच होते, आणि या वेळी ते खऱ्या जहाजावर, खऱ्या स्फोटकाने, कॅमेऱ्यांसमोर तपासून घेतले गेले.